सिरिंज पंप घेऊन आठ महिने झाले, आता बोलतो

क्लिनिकला सिरिंज पंप (सिरिंज ढकलत ठरलेल्या वेगाने शिरेत औषध सोडणारं मशीन) घेतला तेव्हा दोघातिघांनी विचारलेलं की कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात हे कशाला रे, ड्रिपचं चाक फिरव, थेंब मोज, झालं. मी पण इतकी वर्षं तेच केलं. मायक्रोड्रिपला (बारीक थेंबांचा सेट) ६० थेंबांचा १ एमएल, साध्या सेटला २०, घड्याळ धरून बसायचं. सलाईन थोडं कमीजास्त गेलं तर चालून जातं हो, पण हार्टचं औषध नाही चालत. पेशंटने पाय दुमडला की थेंब बंद, सरळ केला की धो धो, आणि रात्री तीन वाजता मोजणारा पण पेंगत असतो.

कारण झाला एक जर्मन शेफर्ड. जठराला पीळ पडलेला, ऑपरेशन छान झालं, आणि दुसऱ्या दिवशी ईसीजीवर आधी सुटे व्हीपीसी (हृदयाचे अवेळी पडणारे चुकार ठोके), मग सलग व्हीटी (तसलेच ठोके ओळीने, वेगात), रेट २०० च्या वर. जीडीव्हीनंतर (म्हणजे हाच जठराचा पीळ) पहिल्या दोनतीन दिवसांत हे बऱ्याचदा दिसतं. लिग्नोकेन (असे ठोके ताळ्यावर आणणारं औषध) २ मिलिग्राम पर केजी हळूहळू दिलं, रिदम एकदम सरळ, सगळे खूष, आणि वीसेक मिनिटांत परत तेच, कारण एका डोसचा असर टिकतच नाही, मागे सीआरआय, म्हणजे एका वेगाने सलग औषध, लागतोच. ती रात्र आम्ही मायक्रोड्रिपवर काढली. कुत्रा वाचला, पण पुढच्याच आठवड्यात मी सेकंडहँड पंप उचलला, एका माणसांच्या नर्सिंग होममधून निघालेला.

मशीन काम चोख करतं. लावलेला रेट तो सोडत नाही. पण त्याला फक्त एमएल पर अवर कळतं. कुत्रा ३० किलोचा की ३ किलोचा, आत लिग्नोकेन आहे की पाणी, काही पत्ता नसतो त्याला. आमचा पहिला घोळ इथेच. ३० किलोचा लॅब्रॅडॉर, ५० मायक्रोग्राम पर केजी पर मिनिट द्यायचं, म्हणजे ५० गुणिले ३० गुणिले ६०, तासाला ९० मिलिग्राम, २ टक्केवाल्यात २० मिलिग्राम पर एमएल म्हणजे ४.५ एमएल पर अवर. असिस्टंट ६० ने गुणायलाच विसरला, पंपावर ०.१ च्या आसपास काहीतरी लावलं, आणि मी तिकडे पोटॅशियम कमी असेल का म्हणून डोकं खाजवतोय (पोटॅशियम कमी असलं की लिग्नोकेन खरंच नीट लागू पडत नाही, म्हणून शंका तिकडे गेली). उलटी चूक झाली असती तर फिट्सच. तेव्हापासून दोघांनी वेगवेगळं गणित करायचं, आकडा जुळला तरच स्टार्ट.

डोब्युटामिनसाठी (हृदयाचा जोर वाढवणारं औषध) मात्र माणसांच्या आयसीयूवाली युक्ती बेस्ट. वजन गुणिले ३, तेवढे मिलिग्राम औषध, डी-फाइव्ह (५ टक्के ग्लुकोजचं सलाईन) घालून एकूण ५० एमएल करायचं, मग १ एमएल पर अवर म्हणजे बरोबर १ मायक्रोग्राम पर केजी पर मिनिट. रात्री दोन वाजता पण चुकत नाही. मांजराला हात आखडताच ठेवायचा, डोब्युटामिनने त्यांना फिट्स येऊ शकतात आणि लिग्नोकेन तर त्यांना कुत्र्यापेक्षा खूपच कमी लागतं.

आता वापरून कळलेल्या गोष्टी. पंपात सिरिंजची कंपनी निवडावी लागते, कारण ५० एमएलच्या सगळ्या सिरिंजची जाडी सारखी नसते. चुकीची निवडली तर स्क्रीनवर रेट बरोबर आणि आत जाणारा वेगळा. दुसरं, पंप वरच्या फळीवर ठेवू नका. प्लंजर क्लिपमध्ये नीट बसलेला नसेल तर सिरिंज नुसत्या उंचीने रिकामी होते. आम्ही पेशंटच्या लेव्हलला स्टुलावर ठेवतो.

ऑक्ल्यूजन अलार्मवर (लाइन तुंबली की वाजतो तो) भरवसा ठेवला तो महागात पडला. सहा किलोचा पॉमेरेनियन, हृदयातला मायट्रल व्हॉल्व्ह लीक, फुफ्फुसात पाणी, फ्युरोसेमाइड (अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारं औषध) ०.६६ मिलिग्राम पर केजी पर अवर, म्हणजे ०.४ एमएल पर अवर. ५० ची सिरिंज आणि इतका हळू रेट असला की प्रेशर चढून अलार्म वाजायला चिक्कार वेळ जातो. पुढचा पाय दुमडून साहेब झोपलेले, पंप शांत, मला शंका आली ती मिनिटाला श्वास मोजताना, आकडा खाली यायचं नावच घेईना. आता अशा रेटला १० ची सिरिंज, जमलं तर मागच्या पायाची व्हेन, नाहीतर पुठ्ठ्याची फळी. आणि अलार्म वाजला की आधी लाइन पेशंटपासून सोडवून प्रेशर काढायचं, मगच पाय सरळ करायचा, नाहीतर साचलेलं सगळं औषध एकदम आत जातं. लिग्नोकेन असेल तर बघायलाच नको. लाळ, उलटी, थरथर यातलं काही दिसलं की आधी पंप बंद, मग बाकीचा विचार.

एकाच थ्री-वेतून (एका लाइनला दोन औषधं जोडायचा तीन तोंडांचा नळ) डोब्युटामिन आणि फ्युरोसेमाइड? केलंय मी ते पण. लाइन दुधाळ झाली. आता दोन कॅन्युला (शिरेत बसवायच्या नळ्या), वाद नाही. आणि अ‍ॅड्रिनलिनवाली लिग्नोकेनची व्हायल ड्रॉवरमधून कायमची हलवली, चुकून हार्टसाठी वापरली जाऊ नये म्हणून, हार्टसाठी बिनप्रिझर्व्हेटिव्हवाली वेगळ्या डब्यात.

गावाकडे गाईम्हशींना कॅल्शियम लावताना आमचे सीनियर एका हाताने बाटली धरायचे, स्टेथोस्कोप छातीवरून हलवायचे नाहीत, ठोका बिघडला की बाटली खाली. पंप असला तरी ईसीजीसमोर माणूस बसवायचा तो त्याच सवयीने.

तक्रार एकच पण मोठी. बॅटरी. विकणाऱ्याने चार तास सांगितलेली, लाइट गेल्यावर अकरा मिनिटांत मशीन बंद. सर्व्हिसवाल्याला फोन केला तर प्राण्यांसाठी वापरता ना, मग आमची जबाबदारी नाही म्हणे. शेवटी इन्व्हर्टरवर टाकला.

दुसरा पंप घेतोय पुढच्या महिन्यात. पैसे द्यायच्या आधी दुकानातच प्लग काढून चहा प्यायला बसणार आहे.