साताऱ्याच्या एमआयडीसीतलं डिझेल गॅरेज: आधी मोजतात, मग उघडतात

डिझेल गाडीचा पिकअप गेलाय आणि कोणी न मोजताच 'इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे पार्ट) गेले' म्हणतंय, तर पार्ट बदलायच्या आधी गाडी एकदा इथे दाखवा.

माझी २०१३ची डिझायर, १२४८ सीसीचं डिझेल इंजिन. राहते वाईला, शाळा पाचगणीला, त्यामुळे पसरणी घाट रोजचाच. तिसऱ्या गिअरवर आरामात चढणारी गाडी दुसऱ्यावरही ओढेना. मागे काळा धूर, आणि उभी असताना स्टिअरिंग थरथरायचं. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड आला नाही, तरी चारही इंजेक्टर बदलायचं एस्टिमेट हातात दिलं. ओळखीच्या एकाने ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद करून टाकायला सांगितलं.

इथल्या मिस्त्रीकाकांनी पहिला प्रश्न विचारला तो मला फार आवडला: "ताई, थरथर थंड असताना जास्त की गरम झाल्यावर? आणि धूर कधी, उभी असताना की चढावर?" थरथर गरम झाल्यावर वाढायची, गरम गाडी स्टार्टही उशिरा घ्यायची. धूर फक्त चढावर. ते म्हणाले, दुखणी दोन आहेत, एक समजून शोधाल तर सापडणार नाहीत.

मग लॅपटॉप जोडून मला शेजारी बसवलं आणि हायवेला गाडी नेली. इंजिन बंद असताना इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब ९३ किलोपास्कल; सातारा उंचावर असल्याने तेवढाच असतो. तिसऱ्या गिअरला पूर्ण रेस दिल्यावर तो दोनशेच्या वर जायला हवा, माझ्या गाडीत १३०च्या पुढे सरकेना. म्हणजे टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) तरी हवा देत नाही, नाहीतर दिलेली हवा मध्येच निसटते. परत येऊन त्यांनी टर्बोकडून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात कंप्रेसरची थोडीशी हवा भरली, वरून साबणाचं पाणी मारलं. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजला खालून, क्लिपजवळ, चीर होती. हाताने दाबून दिसत नव्हती, दाब आला की उघडायची. हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरजवळ असतो, गळती त्याच्या पुढे. ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मोजलेल्या हवेच्या हिशोबाने डिझेल देतो, हवा मात्र सिलिंडरपर्यंत पोचत नाही, म्हणून काळा धूर. इतकं सरळ मला आजवर कोणी समजावलं नव्हतं.

थरथरीसाठी चारही इंजेक्टरच्या रिटर्नला (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळीला) पारदर्शक बाटल्या लावून गाडी चालू ठेवली. तीन बाटल्यांत डिझेल जवळपास सारखं, तिसऱ्या इंजेक्टरच्या बाटलीत त्यांच्या दुपटीहून जास्त. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या इंजेक्टरमधून आणखी परत जातं, रेलमध्ये (इंजेक्टरना दाबाने डिझेल पुरवणाऱ्या नळीत) स्टार्टपुरता दाब जमायला वेळ लागतो. बाटल्या मी स्वतः पाहिल्या, त्यामुळे विश्वास ठेवण्या-न ठेवण्याचा प्रश्नच उरला नाही. तो एकच इंजेक्टर बदलला, खालचा तांब्याचा वॉशर नवा टाकला आणि नव्या इंजेक्टरवर छापलेला त्याचा कोड ईसीएममध्ये भरला. काही ठिकाणी हा कोड भरतच नाहीत आणि नवा इंजेक्टर टाकूनही थरथर राहते. ईजीआर बंद करायला काकांनी साफ नकार दिला. काजळी काढून परत बसवला. घाट आता तिसऱ्यावर.

तपासणीचे ५०० रुपये वेगळे घेतात, काम करा वा न करा. मला हे योग्यच वाटतं, कारण खरं कौशल्य तिथेच आहे. जुना होज आणि इंजेक्टर न मागता डिकीत ठेवला होता.

खटकलं ते एवढंच: फोन उचलत नाहीत, सांगितलेल्या दिवशी गाडी मिळाली नाही, आणि बसायला सावलीची जागा नाही. बिल हाताने लिहिलेलं, पण त्यात प्रत्येक पार्टची किंमत आणि मजुरी वेगवेगळी असते. जमलं तर गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवा; सकाळची थंड स्टार्ट त्यांना स्वतःला ऐकायची असते.