मॉडेल कारचं किट घ्यायचंय? बॉक्स नंतर बघा, आधी साचा कधीचा ते बघा

पहिलं कार किट, म्हणजे प्लास्टिकचे सुटे पार्ट जोडून बनवायची छोटी गाडी, कुठलं घेऊ असं विचारणाऱ्या बहुतेकांनी बॉक्सवरचं चित्र बघून मनात एक गाडी आधीच पक्की केलेली असते, आणि त्यात वाईट काही नाही, गाडी आवडली पाहिजेच. पण चित्र, ब्रँड, बॉक्सवर छापलेलं वर्ष या तिन्हींपेक्षा जास्त फरक पडतो तो आतला साचा कधी बनला याने.

पोलादी साच्यात वितळलेलं पॉलिस्टायरिन दाबाने भरायचं, थंड झालं की बाहेर काढायचं, असं हे पार्ट बनवायचं काम. साचा बनवायला भरपूर पैसा लागतो, पण नीट जपला तर तो पन्नास-साठ वर्षं सुद्धा चालतो, म्हणून कंपन्या तोच परत परत काढतात, बॉक्स नवा, डिकल (गाडीवर चिकटवायची छापील चित्रं) नवे आणि आतले पार्ट तेच. त्यामुळे दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन किटमध्ये अर्ध्या शतकाचं अंतर असू शकतं आणि दोन्ही बॉक्स मात्र गेल्या वर्षी छापलेले.

जुने साचे म्हणजे मुख्यतः अमेरिकन. तिकडे हा छंद शोरूममधून आला. एएमटी ही मिशिगनमधली कंपनी कार डीलरांसाठी १/२५ स्केलच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या भागाएवढ्या, तयार प्रमोशनल गाड्या बनवायची, आणि १९५८ ला त्यांनी त्याच बॉडी सुट्या पार्टमध्ये विकायला काढल्या, थ्री-इन-वन म्हणून, म्हणजे एकाच बॉक्समधून स्टॉक, कस्टम किंवा रेसिंग यातली हवी ती गाडी बनवा. दरवर्षी डेट्रॉइटची नवी मॉडेल आली की त्यांची किटही यायची. एमपीसी, जो-हान, रेव्हेल, मोनोग्राम हे सगळे त्याच मैदानातले.

त्या काळी कॉम्प्युटर नव्हता, मोठा नमुना हाताने कोरायचा आणि पँटोग्राफने लहान करत पोलादात उतरवायचा. त्यामुळे त्या किटांना माणसाच्या डोळ्याचा एक अंदाज आहे. छताची कमान, ग्रिलचा रुबाब बऱ्याचदा इतका छान पकडलाय की आज बघूनही मन खूश होतं. पण चॅसी म्हणजे अनेकदा एक सपाट प्लेट, एक्झॉस्ट आणि सस्पेंशन तिच्यावरच उठवलेलं, आणि दोन चाकांना जोडणारी धातूची काडी आरपार, काही किटांत तर ती काडी जायला इंजिन ब्लॉकलाच भोक असतं! फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून पसरलेला जादा प्लास्टिकचा पापुद्रा, खरवडायचा, बॉडीवरची साच्याची रेघ सँड करायची, बारीक खड्डे पुट्टीने भरायचे, हे सगळं रंगाच्या आधी. ज्याला हातकाम आवडतं त्याला यात मजा येते, पण ज्याने आजवर कधी सँडपेपर हातात घेतला नाही तो कंटाळून अर्ध्यात सोडतो आणि हा छंदच आपल्यासाठी नाही असं समजून बसतो, ते मला खरंच वाईट वाटतं.

जुन्या साच्यांच्या बाजूने सगळ्यात भारी मुद्दा म्हणजे इंजिन. अमेरिकन किटमध्ये इंजिन जवळपास असतंच, आणि ते बनवणं हाच अनेकांसाठी निम्मा आनंद असतो. वर थ्री-इन-वनमुळे जास्तीचे पार्ट उरतात, कार्ब्युरेटर, व्हील, स्पॉयलर, ते डब्यात जपून ठेवा, पुढच्या गाडीला लागतात.

आता जपान. तामिया कंपनीने १९६७ ला १/१२ ची होंडा एफवन आरए२७३ काढली आणि मोठ्या कार किटमध्ये नाव कमावलं. पुढे पोर्शेच्या किटसाठी त्यांनी खरी ९११ विकत घेऊन सुटी करून बघितली, आणि १९७६ च्या १/१२ पोर्शे ९३४ मधूनच त्यांची रिमोट कंट्रोलची गाडीही निघाली. तामिया, आओशिमा, फुजिमी, हासेगावा हे सगळे शिझुओका भागातले, एकमेकांच्या जवळच. यांचं मुख्य स्केल १/२४, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक फुटाला मॉडेलचा अर्धा इंच. शेल्फवर १/२४ आणि १/२५ शेजारी ठेवले तर फरक फारसा जाणवत नाही, पण एकाचे पार्ट दुसऱ्यात बसतील या भरवशावर राहू नका.

तामियाचं अलीकडचं किट आधी कॉम्प्युटरवर तयार होतं. पार्ट कापून नुसता जागेवर धरला तरी बसतो, पातळ सिमेंटचा (प्लास्टिक जोडायच्या द्रव गोंदाचा) ब्रश फटीला टेकवला की ते आपोआप आत ओढलं जातं आणि दोन्ही बाजूंचं प्लास्टिक विरघळून एकजीव होतं, पूर्वीच्या ट्यूबमधल्या गोंदाच्या तारा आणि काचेवरचे डाग हा प्रकारच राहत नाही. काचांच्या काळ्या कडा रंगवायला मास्किंग स्टिकर बॉक्समध्येच, आरसे आणि लोगोसाठी चकाकणारे मेटल ट्रान्सफर. पण इंजिन? २०१९ च्या जीआर सुप्रासारख्या बऱ्याच रोडकारमध्ये ते नसतं, बॉनेट बंद, खालून दिसेल तेवढंच. कुणाला ही फसवणूक वाटते, मला वाटत नाही, कारण पहिल्या गाडीत तुमचा जीव बॉडीच्या रंगात अडकलेला असतो आणि तो नीट जमला तर पुढचं सगळं जमतं.

मात्र तामिया नाव बघून डोळे झाकून घेऊ नका. तेही जुने साचे परत काढतात. सहा चाकांची टायरेल पी३४ ही रेसकार घ्या, १/१२ चं ते किट सत्तरच्या दशकातलं, नंतर फोटो-एच पार्ट, म्हणजे रसायनाने कोरलेले धातूचे पातळ पार्ट, घालून पुन्हा आलं. अप्रतिम किट आहे, पण ते काही परवाचं डिझाइन नाही हे माहीत असू द्या. उलट अमेरिकन विषयांचे सगळेच साचे जुने असं पण नाही, मोबियस कंपनीचं हडसन हॉर्नेट या जुन्या अमेरिकन गाडीचं किट २०१० च्या आसपासचं, चॅसी सुट्या भागांची आणि इंजिनही पूर्ण, म्हणजे दोन्हीकडचं चांगलं एकत्र पाहिजे असेल तर असले नवे साचे शोधा. स्केलमेट्स या साइटवर किटचं नाव टाकलं की तो साचा पहिल्यांदा कधी आला आणि नंतर कुठल्या कुठल्या बॉक्समधून फिरला याची पट्टीच दिसते, पैसे भरायच्या आधी दोन मिनिटं तेवढं बघा.

जुनंच घ्यायचं ठरलं तर ओरिजिनल, म्हणजे त्या काळचाच बॉक्स, की रीइश्यू, म्हणजे त्याच साच्यातून नव्याने काढलेलं? बनवायचं असेल तर रीइश्यू, मला यात शंका नाही. जुन्या बंद बॉक्समध्ये डिकल पिवळे पडलेले असतात, आणि त्या काळच्या मऊ टायरमधलं रसायन वर्षानुवर्षं प्लास्टिकला लागून रिम आणि काच खाऊन टाकतं. राऊंड टू कंपनीकडे आता एएमटी आणि एमपीसी ही नावं आहेत, ते जुन्याच चित्रांच्या ढंगात बॉक्स काढतात पण आत भरपूर मोठी नवी डिकल शीट देतात, कित्येकदा टायरवर अक्षरं छापलेली. ओरिजिनल फक्त जमवणाऱ्यांनी घ्यावं. आणि कुठलंही किट असो, टायर वेगळ्या पिशवीत ठेवा.

स्नॅप किटबद्दल थोडक्यात. आओशिमाची १/३२ ची द स्नॅप किट मालिका, रंगीत प्लास्टिक, गोंद नाही रंग नाही, त्यात सुझुकी जिम्नी पण आहे. मुलांबरोबर बसून बनवायला किंवा नुसतं बघायला की आपल्याला हे आवडतंय का, यासाठी मस्त. ज्याला एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारायचं पेन) आधीच येतो त्याने यात पडू नये.

दुसऱ्या टोकाला मॉडेल फॅक्टरी हिरोसारखी किट, व्हाइट मेटल (मऊ मिश्रधातूचे ओतीव पार्ट), रेझिन (ओतून घट्ट होणारं प्लास्टिक), फोटो-एच, बारीक स्क्रू, पैसाही तसाच. ते पहिलं तर नाहीच, पाचवं पण नको. थ्रीडी प्रिंटिंगने मात्र खरा बदल केलाय. पूर्वी एखादं व्हील किंवा इंजिन पाहिजे असेल तर दुसरं अख्खं किट फोडायला लागायचं, आता फाइल घेऊन घरच्या किंवा मित्राच्या रेझिन प्रिंटरवर काढता येतं, आणि यामुळे जुन्या साच्याचं मोल परत वाढलं असं मी म्हणेन, कारण बॉडी जुनी सुंदर आणि आतलं सगळं नवीन असं करता येतं. प्रिंटरमधलं कच्चं रेझिन हाताला लावू नका, ग्लोव्ह घाला, खिडकी उघडी ठेवा.

आपल्याकडे हे सगळं घेताना एक हिशोब वेगळा लागतो. खेळण्यांवरची आयात ड्यूटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०, आणि स्केल मॉडेल कस्टम्सच्या त्याच हेडिंगखाली येतात. म्हणून परदेशातल्या किमतीवरून बजेट ठरवू नका. स्प्रे कॅन विमानाने येत नाहीत, मग इथला गाड्यांचा टच-अप स्प्रे वापरला जातो, चालतो, पण त्यातला थिनर जहाल असतो आणि उघड्या पॉलिस्टायरिनवर मारला तर पृष्ठभाग तडकतो, म्हणून आधी प्रायमरचे पातळ हात. आणि कोकणात, मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये लॅकर (थिनरवाला झटपट वाळणारा रंग) मारूच नका, हवेतल्या ओलाव्याने रंग पांढुरका पडतो. पावसाळ्यात इंजिन, इंटिरियर ब्रशने उरकून घ्या, बॉडी दिवाळीच्या आसपास.

माझं मत सरळ आहे. कधीच काही बनवलं नसेल तर तामियाची अलीकडच्या साच्याची १/२४ रोडकार, इंजिन नसलेली चालेल. शाळेत असताना थोडंफार केलं असेल आणि इंजिनाची ओढ असेल तर नव्या साच्याची अमेरिकन. साठच्या दशकातलीच एखादी गाडी जिवापाड आवडत असेल तर रीइश्यू घ्या, पण दुसरं किट म्हणून, आणि वेळ दुप्पट धरा.

जिप्सीचं मॉडेल बनवायचंय त्यांच्यासाठी वेगळं, कारण हे बरेच जण विचारतात. मारुती जिप्सीच्या सगळ्यात जवळचं म्हणजे हासेगावाची १/२४ जिम्नी जेए११, नव्या साच्याची. पण ती छोटी जिम्नी आहे, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २०३० मिलिमीटर, आपल्या जिप्सीचा २३७५. म्हणजे १/२४ मध्ये मधे साधारण १४.४ मिलिमीटर वाढवायला लागणार, चॅसी आणि बॉडी दोन्ही कापून, आणि जिप्सी किंग करायची तर रुंदीचं काम वेगळं. किट मिळालं तर घेऊन ठेवा, कापायला मात्र दोन-तीन गाड्या हातावेगळ्या झाल्यावरच घ्या.