घोट्याला ब्रेस की टेप?
एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त, त्यामुळे संघातल्या मुलीचा प्रश्न रास्त आहे: बास्केटबॉल खेळताना लेसचा ब्रेस (नाडीने आवळायचा घोट्याचा आधार) घालू की टेप (घोट्याभोवती गुंडाळायची चिकटपट्टी) मारू?

टेप स्वस्त वाटते, पण ती एकदाच वापरता येते. हंगामभर खेळायचं तर ब्रेसच परवडतो.

खरा फरक टिकण्यात आहे. टेप सुरुवातीला छान घट्ट असते, पण अर्ध्या तासाच्या धावपळीत आणि घामात बरीच सैलावते. सामन्यात ती पुन्हा मारायला वेळ कुठला? ब्रेसची लेस टाइमआउटमध्येही ओढून घेता येते. शिवाय टेपला जाणता हात लागतो, नाहीतर फोड ठरलेले. अमेरिकेतल्या शालेय बास्केटबॉलपटूंवरच्या 2011 च्या अभ्यासात लेसच्या ब्रेसमुळे घोट्याच्या दुखापती कमी झाल्या. झालेल्या दुखापतींची तीव्रता मात्र घटली नाही.

बुटात मावण्याच्या बाबतीत मात्र टेपच सरस, ब्रेसला जागा लागते. (उंच कॉलरच्या बुटांवर भिस्त ठेवू नका, जाहिरात काहीही म्हणो.)

रोजचा सराव आणि मदतीला कोणी नाही, तर ब्रेस घ्या आणि नवे बूट तो घालूनच मापा. संघासोबत फिजिओ असेल आणि ब्रेस बुटात मावतच नसेल, तर टेप.