थाळीचं टेबल बुक करायला गेले आणि 43 हजार घालवून बसले

आधीच सांगते, मी एका पतसंस्थेत कामाला आहे, कॅशियर. रोज लोकांना सांगते की ओटीपी कुणाला देऊ नका, लिंकवर क्लिक करू नका. घरच्या ग्रुपवर असल्या वॉर्निंग फॉरवर्ड करणारी मीच. तरी मी फसले आणि गंमत म्हणजे मी ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता आणि कुठल्या लिंकवर क्लिकही केलं नव्हतं. म्हणूनच लिहितेय.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना एक दिवस मुंबई दाखवायची ठरली. नाशिकहून सकाळची पंचवटी, दादरला उतरायचं, स्लो लोकलने भायखळा, राणीबागेत पेंग्विन बघायचे, मग दुपारी दक्षिण मुंबईत मस्त थाळी, थोडा वेळ गेटवे आणि संध्याकाळी परत. मी, नवरा, मोठी मुलगी, धाकटा आणि सासूबाई. आईंचे गुडघे दुखतात, त्यांना हॉटेलबाहेर तास-दीड तास उभं ठेवायचं नव्हतं आणि रविवारी मुंबईतल्या चांगल्या थाळीच्या हॉटेलबाहेर किती लाइन असते ते तुम्हाला माहितीये. म्हणून म्हटलं आधीच टेबल बुक करू, शहाणपणा तो.

गाडीतच मोबाइलवर हॉटेलचं नाव टाकलं. हॉटेल खरं आहे, जुनं आहे, नाव लिहीत नाही कारण त्यांची यात काहीच चूक नाही. मॅपवर दोन लिस्टिंग आल्या, दोन्हींवर थाळीचे फोटो, पत्ता सेम. एकीला फोन नंबर नव्हता, दुसरीला होता, शेजारी हिरवं कॉलचं बटन. मी दाबलं. पहिल्याच रिंगला उचलला.

इथे थांबा जरा. मी नंतर या गोष्टीचा खूप विचार केला. रविवारी सकाळी, जेवणाची तयारी चालू असताना कुठलं थाळीचं हॉटेल पहिल्या रिंगला फोन उचलतं? आमच्या गल्लीतला डोसेवाला पण उचलत नाही. आणि मागे काहीच आवाज नव्हता, भांडी नाहीत, कुणी ओरडत नाही, एकदम बँकेच्या कॉल सेंटरसारखी शांतता. माणूस गोड बोलत होता, हिंदीमिश्रित मराठी. "मॅडम आज वेटिंग दीड तास आहे, सिनियर सिटिझन आहेत का बरोबर? मग खालच्या मजल्यावर टेबल देतो." तेवढ्यात कसारा घाट आला आणि नेटवर्क गेलं. घाट उतरल्यावर त्याचाच फोन परत आला. मला त्याचं कौतुक वाटलं हो! एवढ्या गर्दीत परत फोन करतो म्हणजे सर्व्हिस चांगली असणार.

म्हणाला बुकिंगचे फक्त 10 रुपये, ते बिलातून वजा होतील. मी म्हटलं यूपीआयने पाठवते, तर म्हणे आमचं बुकिंग अॅपवरूनच होतं, व्हॉट्सअॅपवर मेनू कार्ड पाठवतो ते ओपन करा. फाइलच्या नावात हॉटेलचं नाव, शेवटी डॉट एपीके, म्हणजे मेनू कार्ड नाही, फोनमध्ये अॅप टाकणारी फाइल. मला एपीके म्हणजे काय हे माहिती आहे, पण त्या वेळी धाकटा खिडकीची जागा हवी म्हणून रडत होता, आई चहा विचारत होत्या, फोनवर हा "हो मॅडम, आता अलाउ दाबा, हो, परत अलाउ" असं करत होता आणि मी दाबत गेले. फोनने विचारलं होतं की अनोळखी अॅप इन्स्टॉल करू का. मेसेजसाठी मुख्य अॅप व्हायची परवानगी पण मागितली होती. सगळं अलाउ.

अॅप उघडलं तर साधा फॉर्म, नाव, मोबाइल, किती माणसं, आणि पेमेंटला डेबिट कार्डचा नंबर, एक्स्पायरी, मागचे तीन आकडे. 10 रुपयांसाठी भरलं. स्क्रीन गोल गोल फिरत राहिली आणि मग "सर्व्हर बिझी". तो म्हणाला काही हरकत नाही मॅडम, तुमचं टेबल कन्फर्म आहे, 10 रुपये इथेच द्या. माझा एक रुपया पण गेला नव्हता, मग संशय कशाचा येणार?

मग आम्ही खुशीत. राणीबाग खरंच छान आहे, त्याबद्दल वाद नाही. आई-वडील आणि दोन मुलं असं कुटुंबाचं तिकीट 100 रुपयांत झालं. (बुधवारी बंद असते, तेवढं बघून जा.) हम्बोल्ट पेंग्विन मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्याचे, त्यांच्यासाठी आत 16 ते 18 डिग्री ठेवतात, आई म्हणाल्या इथेच बसते मी. बाहेर भाऊ दाजी लाड म्युझियमजवळ तो घारापुरीचा दगडी हत्ती आहे, ज्याच्या नावावरून एलिफंटा नाव पडलं. इंग्रज त्याला इंग्लंडला न्यायला निघाले होते, उचलतानाच तुटला, मग इथेच जोडून ठेवला. मुलगी त्याचे जोड शोधत बसली. आणि या सगळ्या वेळात माझ्या पर्समधल्या फोनवर बँकेचे ओटीपी येत होते आणि मला न दिसता पुढे जात होते. ते अॅप मेसेज वाचून त्यांना पाठवत होतं आणि माझ्या इनबॉक्समधून उडवत होतं. एकदा 24,999 आणि एकदा 18,500.

भायखळ्याहून टॅक्सी केली. मुंबईत टॅक्सीवाला फिरवून नेईल म्हणून मी पूर्ण रस्ता मीटरकडे बघत बसले होते, 31 पासून चालू झालं का, मॅपवर रस्ता बरोबर आहे का. उतरल्यावर तोच माणूस मागून धावत आला, धाकट्याची वॉटरबॅग राहिली होती गाडीत. आता आठवलं की लाज वाटते.

हॉटेलच्या दारात मी ऐटीत सांगितलं, पाच जणांचं बुकिंग आहे. मॅनेजरने माझ्याकडे बघितलं आणि एक सुस्कारा टाकला. "ताई, पैसे गेले का?" रविवारी ते बुकिंग घेतच नाहीत. या आठवड्यात अशी फसलेली आमची तिसरी फॅमिली. काचेच्या दारावर त्यांनी कागद चिकटवला होता, आम्ही फोनवर पैसे घेत नाही म्हणून, इंग्रजीत, पण तो कागद दारात पोहोचल्यावर वाचून काय उपयोग? म्हटलं नाही हो, पैसे नाही गेले, सर्व्हर बिझी होता. म्हणाला बॅलन्स बघा. बघितला. 1,312 रुपये.

त्यांनी आईंना खुर्ची दिली, मुलांना ताक दिलं. मी फुटपाथवर उभी राहून आधी बँकेला फोन करून कार्ड बंद केलं, मग 1930 लावला. हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर आहे, पूर्वी 155260 होता, अजून काही जुन्या पोस्टरवर तोच दिसतो. लगेच लागला नाही, चौथ्यांदा लागला. त्यांना ट्रान्झॅक्शन नंबर, रक्कम, वेळ लागते, आणि ते मेसेज तर माझ्याकडे नव्हतेच, सगळं बँकेच्या अॅपमधल्या स्टेटमेंटमधून वाचून दाखवलं. फोनवरच्या मॅडम चांगल्या होत्या, त्यांनी एकच विचारलं, किती तास झाले? चार. जरा गप्प झाल्या. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरायच्या आत कळवलं तर तो पुढच्या बँकेत अडवता येतो, चार तासांत बराच पुढे गेलेला असतो.

अजून एक, जे मला रात्री भाच्याने सांगितलं आणि खरं तर पहिल्यांदा करायला हवं होतं. मी बँकेला फोन त्याच फोनवरून करत होते ज्यात ते अॅप होतं! आधी त्या फोनचं नेट बंद करायचं, दुसऱ्याच्या फोनवरून बँक आणि 1930, मग ते अॅप काढायचं, व्हॉट्सअॅपचं लिंक्ड डिव्हाइसेस तपासायचं, आणि ##002# डायल करायचं म्हणजे कुणी आपले कॉल दुसरीकडे वळवले असतील तर ते बंद होतात. भाच्याने शेवटी फोन पूर्ण फॉरमॅट केला. पेंग्विनचे फोटो गेले. नवऱ्याच्या फोनमध्ये चार आहेत, तीन हललेले.

दुसऱ्या दिवशी सायबर क्राइम पोर्टलवर पूर्ण तक्रार भरली, त्याचा नंबर घेऊन बँकेत गेले. तिथे साहेब म्हणाले कार्डची माहिती तुम्हीच भरलीत ना. खरंय. रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक आहे, ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतर काही गेलं तर बँकेचं. मी स्वतः ते परिपत्रक ऑफिसात फाइलला लावलंय. म्हणून तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या, तारीख-वेळेसकट, फोनवर बोललो एवढ्यावर राहू नका. 18,500 एका खात्यात अडकवलेत असं कळलंय. 24,999 चा पत्ता नाही.

नवरा अजून एक शब्द बोललेला नाही यावरून, आणि ते जास्त त्रासदायक आहे. आई मात्र येईल त्याला सांगतात, सून 10 रुपये वाचवायला गेली. 10 रुपये वाचवायला नव्हते गेले मी, तुमच्या गुडघ्यांसाठी गेले होते, पण जाऊ दे.

एक गोष्ट मी आता करते. कुठल्या हॉटेलचा नंबर हवा असेल तर जुन्या बिलावरचा बघते, नाहीतर जाऊन दारात नाव लिहिते. मॅपवरचा नंबर कुणीही बदल म्हणून सुचवू शकतं, नवी लिस्टिंग पण कुणीही टाकू शकतं, हे मला तोपर्यंत माहितीच नव्हतं. आपण स्वतः शोधून फोन लावला की समोरचा खरा, असं डोक्यात पक्कं बसलेलं.

त्या खोट्या लिस्टिंगला मी रिपोर्ट केलं, भाच्याने केलं, ऑफिसातल्या सहा जणांनी केलं. आठवड्याने ती गेली. परवा सहज परत त्या हॉटेलचं नाव टाकून बघितलं तर एक नवीन आलीय, फोटो तेच, नंबर वेगळा. मी ऑफिसच्या लँडलाइनवरून लावून बघितला.

पहिल्याच रिंगला उचलला.