गॅब्रिएलचा लोन रेंजर : सात-आठ महिन्यांच्या हाताळणीनंतर

गॅब्रिएल कंपनीने १९७३ साली काढलेल्या खेळण्यांच्या मालिकेतील लोन रेंजर हा मुखवटाधारी नायक, त्याचा साथीदार टोंटो आणि त्यांचा वैरी बुच कॅव्हेंडिश या तीन ॲक्शन फिगर (सांधे वाकवता येणाऱ्या बाहुल्या) व लोन रेंजरचा सिल्व्हर हा पांढरा घोडा गेले सात-आठ महिने माझ्याकडे आहेत. पेनसिल्व्हेनियातील एका जुन्या वस्तूंच्या बाजारात त्या मी खोक्याशिवाय, सुट्या घेतल्या. ज्यांना या फिगर कपाटात बंद न ठेवता हाताळायच्या आहेत त्यांनी त्या अशाच घ्याव्यात, असे माझे आता ठाम मत आहे. खोक्यासह घेताना जे जादा पैसे मोजावे लागतात, ते पुठ्ठ्याचे असतात.

या पात्रांची मूळ दूरचित्रवाणी मालिका १९४९ ते १९५७ या काळात अमेरिकेत एबीसी वाहिनीवर दाखवली गेली. क्लेटन मूर यांनी लोन रेंजरची आणि जे सिल्व्हरहील्स यांनी टोंटोची भूमिका केली. केवळ शेवटच्या हंगामाचे चित्रण रंगीत होते, त्यामुळे निळा पोशाख आणि गळ्यातला लाल रुमाल ल्यालेली ही फिगर त्या हंगामातल्या लोन रेंजरची आठवण करून देते.

साधारण दहा इंच उंचीच्या या फिगरचे कपडे खऱ्या कापडाचे आहेत आणि माझ्या मते हीच त्यांची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. पन्नास वर्षांनंतरही शिवण कुठे उसवलेली नाही, आणि टोंटोच्या अंगरख्याची झालर बोटांनी हलकेच सारखी केली की पुन्हा नीट बसते. सांध्यांबद्दल मात्र असे म्हणवत नाही. कॅव्हेंडिशचा एक गुडघा इतका सैल आहे की तो आधाराशिवाय उभा राहत नाही. म्हणून विकत घेण्यापूर्वी प्रत्येक सांधा वाकवून पाहावा आणि मगच भाव करावा.

खरी काळजी घ्यावी लागते ती मऊ प्लॅस्टिकच्या वस्तूंची, म्हणजे पिस्तुलाचा पट्टा, खोगीर आणि लगाम यांची. अशा प्लॅस्टिकला लवचीक ठेवणारे द्रव्य काळाने बाहेर पाझरते. मग पट्टा एकतर चिकट होतो किंवा कडक होऊन चिरतो, आणि तो कडक प्लॅस्टिकला महिनोन्महिने टेकून राहिला तर तिथे कायमचा डाग पडू शकतो. माझ्याकडच्या सिल्व्हरच्या पाठीवर, खोगिराच्या कडेखाली, असा बोटभर पिवळसर पट्टा आधीच उमटलेला होता. तेव्हापासून खोगीर उतरवून मी ते आम्लरहित कागदात वेगळे ठेवतो आणि घोडा उन्हापासून दूर, कारण पांढरे प्लॅस्टिक उन्हाने आणखी पिवळे पडते.

अस्सलपणा तपासायचा असेल तर फिगरच्या पाठीवर १९७३ हे साल, लोन रेंजर टेलिव्हिजन या कंपनीचे नाव आणि हाँगकाँगमध्ये गॅब्रिएलसाठी बनवल्याचा उल्लेख शोधावा. युरोपात याच फिगर मार्क्स या खेळण्यांच्या कंपनीच्या नावाने विकल्या गेल्या, त्यामुळे खोक्यावर ते नाव दिसले म्हणून लगेच नकली समजू नये. खरी सावधगिरी लहान वस्तूंबाबत हवी. टोपी, पिस्तूल आणि डोळ्यांवरचा काळा मुखवटा हेच सर्वांत आधी हरवतात आणि त्यांच्या जागी नव्या नकला बसवलेल्या आढळतात. विक्रेत्याने ते आधीच सांगितले तर नकलेलाही माझी हरकत नाही, फक्त किंमत त्या मानाने उतरायला हवी.

तिघांत मला टोंटो सर्वाधिक आवडतो. त्याचा चेहरा शांत आणि करारी घडवलेला आहे. त्यात विनोदी नमुना केल्याचा भास कुठेही होत नाही. एकच फिगर घ्यायची झाली तर मी तीच घ्यायला सांगेन.