जुन्या उंची कार्ट्रिजचा हिरा बदलावा, की सारे कार्ट्रिज नव्याने बांधून घ्यावे?

विदर्भातल्या गावांत आणि तालुक्याच्या ठिकाणी ज्या घरांमध्ये आजही तबकड्या वाजतात, त्यांपैकी काही घरांत मागच्या पिढीने हौसेने घेतलेले एखादे उंची कार्ट्रिज, म्हणजे टोनआर्मच्या (तबकडीवर सरकणाऱ्या दांडीच्या) टोकाला बसणारा सुईचा भाग, असते: ऑर्टोफोनचे एसपीयू, डेनॉनचे डीएल-103, शुअरचे व्ही-15, किंवा आता उत्पादनातून गेलेले एखादे जपानी मूव्हिंग कॉइल. त्याचा आवाज फाटू लागला, की मालकापुढे चार पर्याय येतात. फक्त हिरा, म्हणजे सुईचे टोक, बदलणे, कँटिलिव्हरसह (हिरा ज्या बारीक कांडीवर बसतो तिच्यासह) हिरा बदलणे, आतल्या रबरापासून तारेपर्यंत सारे नव्याने बांधून घेणे, किंवा हे सर्व सोडून नवे कार्ट्रिज घेणे. हा निर्णय कार्ट्रिजच्या नावावरून किंवा त्याच्या आजच्या बाजारभावावरून करू नये, नेमके काय निकामी झाले आहे यावरूनच करावा, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून आधी तपासणी. सुईभोवती साचलेला मळ आणि तंतू हे आवाज फाटण्याचे अगदी साधे कारण असते, आणि जिनिंगच्या आसपासच्या गावांत हंगामात हवेत उडणारा कापसाचा बारीक तंतू सुईवर सहज बसतो. मऊ ब्रशने मागून पुढे, म्हणजे तबकडी ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने, सुई साफ करावी. आडवा ब्रश फिरवला तर कँटिलिव्हर वाकण्याचा धोका असतो. त्यानंतर हिरा मोठा करून पाहावा. त्यासाठी शहर गाठण्याची गरज नाही, कारण कनिष्ठ महाविद्यालयाच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शकही, वरून नीट उजेड पाडला तर, पुरेसा असतो. हिऱ्याच्या दोन्ही बाजूंना चकाकणारे सपाट पट्टे दिसले, तर हिरा झिजला आहे असे समजावे. चांगला हिरा सर्वसाधारणपणे 500 ते 1000 तास चालतो असे मानतात, आणि वीस मिनिटांची एक बाजू धरली तर 1000 तास म्हणजे 3000 बाजू होतात.

एकाच स्पीकरमधून आवाज येत असेल, तर कॉइल (कार्ट्रिजमधली तारेची गुंडाळी) तुटली असे लगेच समजू नये. हेडशेलमधल्या (कार्ट्रिज ज्यावर बसते त्या टोनआर्मच्या टोकाच्या भागातल्या) पांढऱ्या व निळ्या तारा डाव्या बाजूच्या असतात, तांबडी व हिरवी उजव्या बाजूची. अॅम्प्लिफायर बंद करून या दोन जोड्यांची अदलाबदल करावी. मुकेपण दुसऱ्या स्पीकरकडे गेले तर दोष कार्ट्रिजमध्ये आहे, आणि ते जागच्या जागी राहिले तर तो टोनआर्मच्या तारेत किंवा पुढच्या यंत्रात आहे. कार्ट्रिज परदेशी पाठवण्याचा खर्च या एका चाचणीने वाचू शकतो.

रबराची तपासणी मात्र अवघड आहे. कँटिलिव्हरला धरून ठेवणारे, त्याची थरथर शमवणारे हे छोटेसे रबर वयाने कडक होते किंवा ढिले पडते, आणि आपल्याकडे चंद्रपूर, ब्रह्मपुरीच्या बाजूला मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत ठेवलेल्या कार्ट्रिजचे रबर लवकर म्हातारे होते. सुईवर ठरलेले वजन ठेवूनही कार्ट्रिजचे पोट तबकडीला टेकू लागले, तर रबर ढिले झाले आहे. हिरा शाबूत असूनही वरच्या पट्टीतले स्वर आणि ‘स’, ‘श’ फाटत असतील आणि वजन थोडे वाढवल्यावरही सुधारणा नसेल, तर ते कडक झाल्याचा संशय धरावा.

मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या, म्हणजे कँटिलिव्हरच्या टोकाशी कॉइलऐवजी चुंबक असलेल्या, कार्ट्रिजबद्दल फार विचार करण्याचे कारण नाही. शुअरने 2018 साली कार्ट्रिजचे उत्पादन थांबवले असले, तरी व्ही-15 च्या अनेक प्रकारांसाठी जपानची जिको ही कंपनी सुया बनवते. हिरा, कँटिलिव्हर आणि रबर हे तिन्ही त्या सुईच्या भागातच येतात, आणि ती घरी हाताने बसवता येते. अशा कार्ट्रिजसाठी कारागिराकडे जाणे तेव्हाच योग्य, जेव्हा मूळ सुईचा कँटिलिव्हर उत्तम आहे आणि त्याच्या तोडीची नवी सुई मिळत नाही. व्ही-15 च्या पाचव्या प्रकारातला बेरिलियमचा कँटिलिव्हर हे त्याचे उदाहरण आहे.

खरा प्रश्न मूव्हिंग कॉइलचा आहे, कारण तिथे कॉइल कँटिलिव्हरच्याच दुसऱ्या टोकाशी बसवलेली असते आणि सुई ओढून काढता येत नाही. इथे पहिला पर्याय फक्त हिरा बदलण्याचा. कारागीर जुना हिरा काढून मूळ कँटिलिव्हरवर नवा बसवतो. रबर आणि कॉइल यांना हात लागत नाही. कार्ट्रिजचा मूळ आवाज सर्वांत जास्त याच पर्यायात टिकतो, म्हणून रबर ठीक असेल तर मी निःसंकोचपणे हाच सुचवेन. हिरा किंचित तिरका बसला तर महाग आकाराचा हिराही वाया जातो, हा त्यातला धोका आहे. त्यामुळे काम कोणाकडे द्यायचे हे किमतीपेक्षा महत्त्वाचे ठरते. इंग्लंडमधील एक्स्पर्ट स्टायलस आणि अमेरिकेतील साउंडस्मिथ ही या कामासाठी ओळखली जाणारी नावे आहेत.

दुसऱ्या पर्यायात मूळ कँटिलिव्हर पुढून कापून त्यावर बोरॉनची, माणकाची किंवा नीलमाची नवी कांडी चिकटवतात. कँटिलिव्हर वाकला किंवा तुटला असेल तर याशिवाय इलाज नाही. परंतु तो शाबूत असताना केवळ सुधारणा म्हणून हे करून घेऊ नये. डीएल-103 ची अॅल्युमिनियमची कांडी आणि 16.5 मायक्रॉनचा गोल हिरा यांतूनच त्याचा भरदार, पुढे येणारा आवाज घडतो. मूर्तिजापूरच्या वसंतराव देशपांडे यांचे नाट्यसंगीत त्या आवाजात ज्यांनी वर्षानुवर्षे ऐकले, त्यांना माणकाच्या कांडीवर अधिक तपशील ऐकू येईल, पण ते एक वेगळेच कार्ट्रिज झालेले असेल.

हिऱ्याच्या आकाराची निवड याच वेळी करावी लागते. शिबाता किंवा लाइन कॉन्टॅक्ट आकार खोबणीच्या भिंतीला उभ्या, लांबट पट्ट्यात स्पर्श करतात, त्यामुळे जुन्या जड सिरॅमिक कार्ट्रिजखाली घासल्या गेलेल्या तबकड्यांतही न झिजलेला भाग त्यांना सापडू शकतो. मात्र त्यांची मांडणी अत्यंत काटेकोर लागते. टोनआर्म साधा असेल तर लंबगोल हिरा अधिक समाधान देतो. ज्यांच्याकडे लाखेच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्यांचा साठा आहे, त्यांनी एखाद्या जुन्या मोनो कार्ट्रिजवर सुमारे 65 ते 75 मायक्रॉनचा गोल हिरा बसवून घेण्याचा विचार अवश्य करावा. जुन्या कार्ट्रिजचा इतका सुंदर उपयोग दुसरा नाही.

संपूर्ण पुनर्बांधणी, म्हणजे रबर बदलणे आणि गरज असल्यास कॉइल नव्याने गुंडाळणे, ही सर्वांत खर्चिक आणि सर्वांत अनिश्चित वाट आहे. नवे रबर मूळच्यापेक्षा मऊ किंवा कडक निघाले, तर टोनआर्मशी असलेला मेळ बदलतो. आर्म आणि कार्ट्रिज यांचे कंपन साधारण 8 ते 12 हर्ट्झच्या दरम्यान राहावे लागते, आणि ते खाली घसरले तर थोड्याशा वाकड्या तबकडीवरही आर्म डोलू लागतो. उत्पादन बंद झालेल्या, दुसरे मिळणारच नाही अशा कार्ट्रिजसाठीच ही वाट धरावी. डीएल-103 किंवा एसपीयू यांची तशी स्थिती नाही. एसपीयू 1959 पासूनचे, डीएल-103 हेही 1960 च्या दशकातले, आणि दोन्ही आजही नवी मिळतात. त्यामुळे डीएल-103 चे रबर गेले असेल, तर नवे घेणेच शहाणपणाचे आहे. काही उत्पादक जुने कार्ट्रिज जमा करून नवे सवलतीत देतात, पण त्यात आपले जुने परत येत नाही. वडिलांची आठवण म्हणून ते जपणाऱ्याने हे आधी विचारून घ्यावे.

आता प्रवासाचे. पार्सल उन्हाळ्यात पाठवू नये. दिवाळीनंतर ते माघापर्यंतचा काळ उत्तम. सुईवर संरक्षक टोपी घालून कार्ट्रिज मूळ डबीत किंवा कडक डबीत स्क्रूने घट्ट बसवावे आणि ती डबी मोठ्या खोक्यात ठेवावी. कापसात गुंडाळणे हा सर्वांत वाईट उपाय, कारण एक तंतू अडकला तरी कँटिलिव्हर उपटला जातो. दुरुस्तीसाठी पाठवून परत आणलेल्या वस्तूवर, ती तीच वस्तू असल्याचे सिद्ध झाले तर, सीमाशुल्क पूर्ण किमतीवर नव्हे, दुरुस्तीचा खर्च, वाहतूक आणि विमा यांवर आकारण्याची तरतूद आहे. त्यासाठी पाठवतानाच ‘दुरुस्तीसाठी निर्यात’ असे कागदोपत्री नोंदवावे, अनुक्रमांकाची छायाचित्रे घ्यावीत, आणि कारागिराला दुरुस्तीचे वेगळे बिल देण्यास सांगावे. ही कागदपत्रे तयार होण्याआधी पार्सल टपालात टाकू नये, कारण नंतर ती जुळवता येत नाहीत.