महाराष्ट्र परमिट की नॅशनल परमिट? एक-दोन गाड्यांच्या मालकासाठी

गाडी कोल्हापूर-पुणे-मुंबई याच पट्ट्यात फिरणार असेल, तर नॅशनल परमिटच्या, म्हणजे देशभर माल वाहण्याच्या परवान्याच्या, वाटेला जाऊ नका. राज्याचं गुड्स परमिट पाच वर्षांसाठी मिळतं आणि तेवढं पुरतं. खरा पेच पडतो तो सीमेलगतच्या मालकांना. समजा, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतलं कास्टिंग आणि मार्केट यार्डातला गूळ उचलायचा. त्यातला काही माल राज्यातच उतरतो, काही कोगनोळीला कर्नाटकची सीमा ओलांडून हुबळीकडे जातो, गुळाची मोठी गिऱ्हाइकं तर गुजरातेत. अशा धंद्याला दोन वाटा आहेत. राज्याचं परमिट ठेवून बाहेरच्या प्रत्येक फेरीला त्या राज्याची टीपी, म्हणजे तात्पुरतं परमिट, काढायची आणि टॅक्स भरायचा, नाहीतर सरळ नॅशनल घ्यायचं. मी दोन्ही वापरलंय.

आधी पैसे. नॅशनलची सगळ्या राज्यांची मिळून एकत्रित फी वर्षाला १६,५०० रुपये आणि ऑथोरायझेशनचे, म्हणजे बाहेरच्या राज्यांत गाडी नेण्याच्या वार्षिक मंजुरीचे, १,०००, म्हणजे महिन्याला साधारण दीड हजार. २०१० च्या मे महिन्याआधी फीसाठी राज्याराज्यांचे वेगळे बँक ड्राफ्ट काढावे लागत. ती कटकट संपली. टीपीचा खर्च राज्य, गाडीचं वजन आणि दिवस यांवर ठरतो. महिन्याकाठी बाहेरची एखादीच फेरी असेल तर टीपी स्वस्त पडते, हे मान्य करायला हवं.

पण मला टीपी नकोशी झाली ती परतीच्या मालामुळे. गूळ वेळेवर उतरतो, पुढचं काहीच आपल्या हातात नसतं. दलाल म्हणतो, उद्या भरून देतो. उद्या कारखान्याला सुट्टी निघते, परवा माल तयार नसतो, मध्येच सण येतो. इकडे टीपीचे दिवस सरत असतात. मग गाडी रिकामी आणा आणि डिझेल खिशातून घाला, नाहीतर पुन्हा पैसे भरून दिवस वाढवून घ्या. ऑनलाइन भरता येतं, त्यामुळे भरण्याचा त्रास फारसा नाही. त्रास भाव ठरवताना होतो. गाडीचा कागद संपत आलाय हे दलालाला समजलं की भाडं लगेच खाली येतं, आणि त्याला ते समजतंच, कारण ड्रायव्हर त्याच्याच ऑफिसबाहेर थांबलेला असतो. नॅशनल घेतल्यापासून मी ड्रायव्हरला सांगू शकतो, ‘भाडं पटत नसेल तर थांब, दोन दिवसांनी भर.’ सगळ्यांनाच असा अनुभव येईल असं नाही. ज्यांचा परतीचा माल बांधलेला आहे त्यांना हा प्रश्न पडणारही नाही. माझ्या हिशेबात मात्र फीचे पैसे इथेच वसूल होतात.

मुदत संपलेल्या कागदावर गाडी दामटण्याचा विचारही करू नये. विनापरमिट सापडल्यास १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून मोठी भीती अपघाताची. परमिट नसताना अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालात हे आलंय. एका गाडीवर घर चालवणारा माणूस त्यातून पुन्हा उभा राहत नाही.

नॅशनलच्याही अडचणी आहेत. परमिट पाच वर्षांचं असलं तरी ऑथोरायझेशन दर वर्षी घ्यावं लागतं, ती तारीख वेगळी सांभाळा. फास्टॅग आणि ट्रॅकिंग यंत्र सक्तीचं आहे. दुसऱ्या राज्यातल्या दोन गावांमध्ये माल वाहता येत नाही. अहमदाबादला रिकामी झालेली गाडी सुरतेपर्यंतचं भाडं घेऊ शकत नाही, थेट राज्याबाहेरचाच माल हवा.

ट्रेलरवाल्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. नॅशनल परमिट म्हणजे ओडीसीची, म्हणजे मापाबाहेरच्या मालाची, परवानगी नव्हे. ट्रान्सफॉर्मर किंवा बॉयलरसारखा तुकडे न करता येणारा माल ठरलेल्या लांबी-रुंदीबाहेर जात असेल, तर त्या फेरीची, त्या रस्त्याची परवानगी वेगळी काढावी लागते. बाहेर आलेल्या मालावर दंड २०,००० रुपये, शिवाय माल उतरवण्याचा खर्च.

शेवटी वयाचं बघा. मल्टिॲक्सल (दोनपेक्षा जास्त ॲक्सलची) नसलेल्या गाडीला बारा वर्षांपर्यंतच नॅशनल परमिट चालतं, मल्टिॲक्सलला पंधरा. त्यामुळे दहा वर्षं झालेली सहाचाकी जुन्या बाजारातून घेत असाल तर राज्याचंच परमिट ठेवा आणि गरजेपुरती टीपी काढा. नवी किंवा चार-पाच वर्षांची गाडी असेल आणि महिन्यातून दोन-तीनदा सीमा ओलांडत असेल, तर मी नॅशनल घ्या असंच म्हणेन.